पाण्याचे रेडिओ मीटर आणि आपले आरोग्य

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे असे आपण नेहमी म्हणतो. परंतु विज्ञानाची एखादी वस्तू आपल्याच नळाच्या पाइपवर येऊन बसली की मनात शंका येतेच. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेखाली आणि मुंबईतही असे पाणी-मीटर बसविण्यात आले आहेत की ज्यांतील आकडा बिनतारी लहरींनी आपोआप पाठविला जातो. झाकण उघडून वहीत आकडा टिपण्याची गरज राहत नाही. साहजिकच लोक विचारतात : या लहरींनी कॅन्सर होतो काय? त्या पाण्यात उतरतात काय? मुले मीटरजवळ खेळली तर? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ज्याच्या घराला मीटर लागतो, त्याला उत्तर मिळावयास हवे.

गोंधळाचे मूळ पुष्कळ अंशी शब्दात आहे. अणुभट्टीतून निघणारा तोही ‘किरणोत्सर्ग’ आणि मोबाइलच्या टॉवरचा तोही ‘किरणोत्सर्ग’, असे आपली वर्तमानपत्रे सर्रास छापतात. वस्तुतः या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात, म्हणून ते पेशींना घातक ठरू शकतात. रेडिओ लहरींत ते बळच नाही. भारतात अशा उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरावयास मोकळा आहे. आपल्या घरातील दिव्याच्या प्रकाशाची कंपनसंख्या याच्या साडेचार लाख पटीहून अधिक असते. रेडिओ लहरी फार तीव्र असतील तर ऊब निर्माण करतात, एवढाच त्यांचा सिद्ध झालेला परिणाम आहे. तेव्हा मीटरमधून जाणारे पाणी ‘किरणोत्सर्गी’ होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता तीव्रता किती, हे पाहू. विद्यार्थी मित्रांनी कागद-पेन्सिल घ्यावी. मीटरला विजेची तार जोडलेली नसते. आत एक लिथियम सेल असतो आणि तो सुमारे दहा वर्षे चालावा अशी अपेक्षा असते. आपण चांगला मोठा सेल धरू : ३.६ व्होल्ट, १९ अँपिअर-तास. गुणाकार केला तर सुमारे ६८ वॉट-तास ऊर्जा झाली. दहा वर्षांचे तास होतात ८७,६००. भागाकार करा. सरासरी एका वॉटचा हजारावा भागसुद्धा येत नाही! आणि त्यातूनच आकडे मोजण्याचे कामही चालते. सेलमध्ये आहे त्याहून अधिक ऊर्जा मीटर बाहेर टाकणार कोठून? आपल्या खिशातील मोबाइल तेवढी ऊर्जा चार-पाच दिवसांतच संपवितो. त्यातील बरीच पडद्यावर खर्च होते हे खरे, पण तो कानाला लावलेला असतो, हेही ध्यानात घ्यावे.

मीटर सतत बोलत नसतो. काही मीटर दर काही सेकंदांनी क्षणमात्र संदेश टाकतात, काही दिवसातून ठरावीक वेळीच. समजा, दर १५ सेकंदांनी एका सेकंदाचा शंभरावा भाग संदेश गेला, तरी चोवीस तासांत सारे मिळून एक मिनिटही भरत नाही. शिवाय अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते, आणि मीटर बहुधा घराबाहेरच असतो. पेसमेकर असलेल्यांना डॉक्टर मोबाइलसुद्धा छातीपासून वीतभर दूर ठेवावयास सांगतात. तेवढे अंतर मीटरपासून ठेवणे काही कठीण नाही.

कॅन्सरचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, ही गोष्ट खरी आहे. ती लपवू नये. पण हा गट पुराव्याच्या कमी-अधिकपणाचा आहे, धोक्याच्या मोठेपणाचा नव्हे. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही त्याच गटात आहे. २०२४ साली याच संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या संशोधनाच्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. मीटर तर मोबाइलपुढे अगदीच दुबळा.

मग बेफिकीर राहावे काय? तसेही नाही. मीटर जर तासातासाची नोंद ठेवत असेल, तर घर कधी रिकामे असते हेही त्या आकड्यांवरून कळू शकते. ही माहिती कोण पाहतो आणि किती दिवस ठेवतो, हे सभासदांनी लेखी विचारावे. तो त्यांचा हक्क आहे. बिलाबद्दल तक्रार असेल तर तबकडीवरील आकडा आणि बिलातील आकडा ताडून पाहावा. मीटर फोडणे हा उपाय नव्हे.

खरी काळजी घ्यावयाची ती सेलची. हा सेल पुन्हा चार्ज करता येत नाही. तो ठेचला किंवा आगीत टाकला तर फुटू शकतो, आणि आतील द्रव्याचा पाण्याशी संबंध आला तर घसा व डोळे जाळणारे वायू निघतात. भंगार फोडणारे आणि कचरा वेचणारे हात बहुधा आपल्याच वस्त्यांतले असतात. म्हणून बंद पडलेला मीटर मुलांच्या हाती देऊ नये, भंगारात विकू नये किंवा कचऱ्यात टाकू नये. तो ज्यांनी बसविला त्यांच्याकडेच परत करून पोच घ्यावी.