खणखणीत नाण्यांचा शोध

अमेरिकेतील बँकांत कधी कधी एक चमत्कारिक व्यवहार घडतो. एखादा ग्राहक आधी सांगून ठेवून खिडकीशी येतो, पाचशे डॉलरांच्या नोटा पुढे करतो आणि त्यांच्या मोबदल्यात अर्ध्या डॉलरची एक हजार नाणी मागून घेतो. ही नाणी सुटी नसतात. वीस वीस नाणी कागदात घट्ट गुंडाळून त्यांच्या सुरळ्या केलेल्या असतात आणि अशा पन्नास सुरळ्या एका खोक्यात भरलेल्या असतात. खोक्याचे वजन अकरा किलोग्रॅमहून अधिक भरते. ग्राहक ते ओझे घरी नेतो, एकेक सुरळी फोडतो, नाणी पाहतो आणि थोड्याच दिवसांत बहुतेक सारी नाणी पुन्हा बँकेत भरून टाकतो. त्याने त्या पैशांत काही विकत घेतलेले नसते, की कोणाला काही दिलेले नसते. मग हा खटाटोप कशासाठी?

तो चांदी शोधत असतो.

आपल्या रुपयाचे जसे शंभर पैसे, तसे डॉलरचे शंभर सेंट. पन्नास सेंटांचे नाणे म्हणजे अर्धा डॉलर. हे नाणे चांगले मोठे, तीन सेंटिमीटरांहून थोडे रुंद असते. १९६४ पर्यंतच्या नाण्यांत शंभर भागांपैकी नव्वद भाग चांदी आणि दहा भाग तांबे असे. साडेबारा ग्रॅम वजनाच्या एका नाण्यात अशा रीतीने सव्वाअकरा ग्रॅम शुद्ध चांदी होती. १९१६ ते १९४७ या काळातील नाण्यांवर सूर्याकडे चालत निघालेल्या स्वातंत्र्यदेवतेची सुंदर आकृती आहे. १९४८ पासून तिच्या जागी बेंजामिन फ्रँकलिन यांचा मुखवटा आला. पुढे नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि त्यांच्या स्मरणार्थ १९६४ मध्ये त्यांची मुद्रा असलेला अर्धा डॉलर निघाला. हे नाणे मिळवण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. १९६३ साल कोरलेली सुमारे नऊ कोटी नाणी पाडली गेली होती. १९६४ साल कोरलेली सुमारे त्रेचाळीस कोटी पाडावी लागली. तरीही दुकानांच्या गल्ल्यात ती क्वचितच दिसत. ज्याच्या हाती नाणे पडे, तो ते आठवण म्हणून घरी ठेवून देई.

त्याच सुमारास दुसरीकडे चांदीची मागणी झपाट्याने वाढत होती. छायाचित्रांच्या फिती, विजेची उपकरणे अशा कित्येक वस्तूंना ती लागे. सरकारी खजिन्यातील साठा आटू लागला. शेवटी २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणेकायद्यावर सही केली. दहा व पंचवीस सेंटांच्या नाण्यांतून चांदी अजिबात गेली. अर्ध्या डॉलरमध्ये मात्र ती शंभरात चाळीस भाग राहिली. सही करताना जॉन्सन यांनी लोकांना असे आश्वासन दिले होते, की सरकारजवळ चांदी पुष्कळ आहे, तिचा भाव आटोक्यात ठेवला जाईल आणि जुनी नाणी साठवून कोणाला काही लाभ होणार नाही. हे आश्वासन दोन वर्षेही टिकले नाही. चांदीचा भाव चढला, आणि १९६७ मध्ये नाणी आटवण्यास सरकारला बंदी घालावी लागली. ती बंदी १९६९ मध्ये उठली. १९७१ पासून व्यवहारासाठी पाडलेल्या अर्ध्या डॉलरमध्ये चांदीचा कणही उरला नाही.

असे का घडावे? समजा, तुमच्या खिशात दोन नाणी आहेत. दोहोंवर ‘अर्धा डॉलर’ असेच कोरलेले आहे. दुकानदार दोहोंबद्दल सारखाच माल देतो. परंतु एक चांदीचे आहे आणि दुसरे तांब्या-निकेलचे. तुम्ही दुकानदाराला कोणते द्याल? अर्थात दुसरेच द्याल. पहिले खिशातच राहील आणि घरी गेल्यावर पेटीत जाईल. सारेच लोक असे वागू लागले, म्हणजे बाजारात हलके नाणे तेवढे फिरत राहते आणि चांगले नाणे दिसेनासे होते. सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापारी सर थॉमस ग्रेशॅम यांच्या नावाने अर्थशास्त्रज्ञ या नियमाला ओळखतात. कायदा नाण्यावर आकडा कोरू शकतो. पण नाण्यातील धातूचा भाव बाजार ठरवतो, आणि तो कायद्याचे ऐकत नाही.

आपल्याकडेही याहून वेगळे घडले नाही. एकेकाळी रुपया खरोखरीच रुप्याचा होता. त्याचे वजन एक तोळा असे आणि बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ साल कोरलेला रुपया तर निव्वळ निकेलचा होता. जुने रुपये बाजारातून गेले, ते घराघरांतील डब्यांत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते आजही पाटावर मांडलेले दिसतात.

मग अमेरिकेत चांदीचा अर्धा डॉलर आज बँकेत सापडावा कसा? दहा आणि पंचवीस सेंटांची नाणी रोज हजारो हातांतून फिरतात. त्यांतील चांदीची नाणी लोकांनी केव्हाच वेचून घेतली. अर्धा डॉलर मात्र फिरतच नाही. लोकांना ते नाणे जड वाटले, अनेक विक्रीयंत्रांनी ते स्वीकारले नाही, आणि हळूहळू ते व्यवहारातून बाजूला पडले. न फिरणारी ही नाणी बँकांच्या तिजोऱ्यांत सुरळ्यांमध्ये पडून राहतात. ज्या खणात कोणी हात घालत नाही, त्यात जुनी वस्तू टिकून राहते, तसाच हा प्रकार. शिवाय त्यांत नवी भरही पडत असते. एखादे आजोबा आयुष्यभर बरणीत नाणी टाकत आले. त्यांच्या मागे वारसांना त्यातले काही कळले नाही. त्यांनी बरणी उचलली आणि बँकेत जाऊन छापील किमतीला रिकामी केली! खरा तोटा होतो तो या लोकांचा, आणि तोही कोणी फसवल्यामुळे नव्हे, तर नाण्याकडे नीट पाहिले नाही म्हणून.

आता शोधणारा पाहतो तरी कसा? हजार नाण्यांवरील हजार साले वाचायची, तर दिवस पुरणार नाही. म्हणून तो प्रथम नाण्याचे तोंड पाहतच नाही, कड पाहतो. सुरळी फोडून वीस नाणी तशीच आडवी हातात धरली, की सर्वांच्या कडा एका ओळीत दिसतात. नव्या नाण्याच्या पोटात शुद्ध तांबे असते आणि दोन्ही अंगांना तांबे-निकेलच्या मिश्रणाचे पातळ पत्रे बसवलेले असतात. त्यामुळे त्याच्या कडेवर तांबूस पट्टा स्पष्ट दिसतो. नव्वद टक्के चांदीच्या नाण्याची कड मात्र एकसारखी पांढरीशुभ्र असते. तांबूस ओळींच्या मधोमध अशी एक पांढरी रेघ चमकली, की अनुभवी माणसाचा हात तेथेच थांबतो.

चाळीस टक्क्यांची नाणी याहून फसवी. त्यांच्या पोटातही चांदीमिश्रित तांबे असल्यामुळे कडेचा पट्टा फिकट दिसतो आणि कळकट नाण्यांमध्ये तो सहज निसटतो. अशा वेळी साल वाचावेच लागते. १९६५ ते १९७० यांपैकी साल असले, की ते नाणे बाजूला ठेवायचे. तराजूही उपयोगी पडतो. नव्वद टक्क्यांचे नाणे १२.५ ग्रॅम, चाळीस टक्क्यांचे ११.५ ग्रॅम आणि बिनचांदीचे ११.३४ ग्रॅम भरते. आणि तराजू नसेल, तर कान आहेतच. पूर्वी आपल्याकडील सावकार रुपया दगडावर वाजवून घेत. त्यावरूनच ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग आला. चांदीचे नाणे मेजावर टाकले, तर त्याचा नाद स्पष्ट आणि लांबत जाणारा असतो; तांब्या-निकेलचे नाणे त्या मानाने बद्द वाजते.

सापडलेल्या नाण्याचे मोल किती, याचा हिशेब सोपा आहे. मौल्यवान धातूंचा औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. जुन्या अर्ध्या डॉलरमधील सव्वाअकरा ग्रॅम चांदी म्हणजे औंसाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक. चांदीचा भाव औंसाला वीस डॉलर धरला, तरी पन्नास सेंट देऊन घेतलेल्या नाण्यात सात डॉलरांहून जास्त किमतीची चांदी भरते. चाळीस टक्क्यांच्या नाण्यात सुमारे ४.६ ग्रॅम चांदी, म्हणजे त्याच भावाने तीन डॉलरांच्या आतबाहेर. चांदी नसली, तरी काही नाणी शोधक ठेवून घेतात. २००२ ते २०२० या काळात अमेरिकेच्या टांकसाळीने अर्धे डॉलर केवळ संग्राहकांना विकण्यासाठी पाडले होते. त्यांतील एखादे चुकून सुरळीत आले, तर तेही वेगळे काढले जाते.

हे ऐकून कोणाला वाटेल, की हा तर घरबसल्या श्रीमंतीचा मार्ग! तसे मुळीच नाही. खोक्यांमागून खोकी फोडावीत आणि एकही पांढरी कड दिसू नये, असे वारंवार घडते. बोटे काळी होतात, ओझी वाहून पाठ दुखते. चांदीची जुनी नाणी आता नव्याने पाडली जात नाहीत. त्यामुळे सापडलेले प्रत्येक नाणे पुढच्या शोधकाच्या वाट्यातून एकाने कमी होते. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरांच्या जवळ गेला, तेव्हा तर अशी असंख्य नाणी मुशीत आटून गेली.

या उद्योगात लबाडी आहे काय? माझ्या मते नाही. बँकेला तिचे पुरते पैसे मिळतात. परंतु रोखपालाला मात्र कष्ट पडतात. त्याने आपले रोजचे काम सांभाळून जड खोकी मागवायची आणि तीच नाणी पुन्हा मोजून घ्यायची, हे काही थोडे नव्हे. म्हणूनच काही बँका त्यासाठी वेगळे शुल्क घेतात, तर काही सरळ नकार देतात. समंजस शोधक एकाच बँकेवर सारा भार टाकत नाही. तो एका बँकेतून नाणी घेतो आणि पाहून झालेली नाणी दुसऱ्या बँकेत भरतो. यात त्याचा स्वतःचाही फायदा असतो. नाहीतर आपणच परत केलेल्या सुरळ्या पुन्हा विकत घेऊन फोडत बसण्याची पाळी यायची! काही जण तर पाहिलेल्या नाण्यावर शाईचा बारीक ठिपका देऊन ठेवतात. दोन महिन्यांनी नवे खोके उघडावे आणि पहिल्याच सुरळीतून आपलाच ठिपका वर यावा, म्हणजे उरलेल्या एकोणपन्नास सुरळ्यांत काय असेल, ते त्यांना न फोडताच कळते.