शाळा मुलासाठी, की मूल शाळेसाठी?

शिक्षणाची चर्चा निघाली, की बोलणे लवकरच अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुण यांवर येते. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते मूल मात्र बहुधा चर्चेबाहेरच राहते. इमारत, वेळापत्रक, पाठ्यपुस्तक हे सर्व आधी ठरते, आणि त्या साच्यात मूल बसते की नाही हे मागाहून पाहिले जाते. बसले तर ते हुशार. न बसले तर मठ्ठ! शिक्षण मानवकेंद्री करावयाचे म्हणजे हा क्रम उलटा करावयाचा. आधी मूल पाहावयाचे, आणि मग त्याच्या मापाने शाळा बेतावयाची. हे आचरणात कसे येते, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातच झालेल्या एका प्रयोगाकडे वळू.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधील एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांचे विचार आपल्या परिस्थितीत रुजविण्याचे काम भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी केले, आणि ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. पुढे ताराबाईंनी 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. 1957 साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा; 2014 पासून पालघर.

या कामातून दिसणारे पहिले तत्त्व असे, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. अशा वेळी ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही’ असा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे असते. या दोघींनी निराळा प्रश्न विचारला: शाळेच्या वेळात हे मूल काय करीत असते? उत्तर डोळ्यांसमोरच होते. आईबाप मजुरीला गेलेले; थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, मुलगा गुरे राखतो. म्हणून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरविली. मुलांना स्वच्छ करण्यापासून तेथे शिक्षणाला आरंभ होई. हीच अंगणवाडी. गुरे चरतात त्या माळावर कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदतील अशी विकासवाडी उभी राहिली. भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या बहिणीलाही मग वर्गात बसता येऊ लागले. अडचण मुलाच्या बुद्धीत नव्हती, शाळेच्या रचनेत होती.

दुसरे तत्त्व साधनांचे. माँटेसरी पद्धतीची घडीव साधने महाग. कोसबाडला शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. यात काटकसर होतीच. पण त्याहून मोठा लाभ असा, की ओळखीची वस्तू मोजताना मुलाला एका वेळी एकच नवी गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे मोजणे. भाषेचेही तसेच. घरची बोली अशुद्ध ठरवून मुलाचे तोंड बंद केले, तर प्रमाणभाषा त्याच्या तोंडी येणार कोठून? बोलीला मान देऊन, तिच्या पायरीवरूनच त्याला पुढे न्यावे लागते.

तिसरे तत्त्व निर्भयतेचे. बक्षीस आणि शिक्षा ही दोन्ही मुलाचे लक्ष कामावरून उडवून मोठ्यांच्या मर्जीकडे वळवितात, असे माँटेसरी व गिजुभाई या दोघांचेही मत होते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी केली आहे, हे योग्यच झाले. परंतु चारचौघांत केलेली थट्टा, भावंडांशी केलेली तुलना, निकालाच्या दिवशी घरात पसरलेली शांतता, यांना कोणता कायदा आवरणार? भ्यालेले मूल चुकू नये म्हणून उत्तरच देत नाही, आणि जे चुकण्यास भिते त्याचे शिकणे तेथेच थांबते.

यावर आक्षेप येतो, की जग स्पर्धेचे आहे, अशा लाडांनी मुले बेशिस्त होतील. पण मनाजोगत्या कामात गढलेले मूल आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला गप्प बस म्हणावे लागत नाही. माँटेसरी वर्गात मूल काम स्वतः निवडते, ते पुरे करते आणि साधन जागच्या जागी ठेवते. ही शिस्त कामातून उगवलेली असल्यामुळे शिक्षकाची पाठ वळताच ती मोडत नाही.

शेवटचे तत्त्व शिक्षकाविषयी. त्यालाही माणूस म्हणून वागविल्याशिवाय वर्गात माणुसकी येणार नाही. एकीकडे मुलांची दाटी, दुसरीकडे तक्ते आणि अहवाल; अशा शिक्षकाने प्रत्येक मुलाचा कल ओळखावा असे म्हणणे व्यर्थ आहे. प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण आहे. ते आपल्या शाळेत पाळले जाते काय, हे पाहणे नागरिकांचेही काम आहे.

1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. शब्दामागची दृष्टी तितकी दूर गेली आहे काय, याचा शोध प्रत्येक गावाने आपल्यापुरता घ्यावा. त्यासाठी तज्ज्ञांची समिती नको. पालकसभेत दोन प्रश्न विचारावेत: यंदा वर्गातून कोणती मुले गळाली, आणि ती त्या वेळी काय करीत असतात? एखादे उत्तर चुकले, तर वर्गात पुढे काय घडते? शाळा कोणासाठी चालली आहे, हे या दोन उत्तरांवरून कळून येईल.