प्रक्षेपी लंबक

प्रक्षेपी लंबक हे बंदुकीच्या गोळीसारख्या वेगवान वस्तूचा वेग मोजण्याचे उपकरण आहे. इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात त्याचे वर्णन केले. टक्करीत संवेग आणि ऊर्जा यांचे काय होते, हे समजावून देण्यासाठी आजही हे उपकरण वापरले जाते.

रचना व तत्त्व

टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी आडवी घुसून रुतते व ठोकळा झोका घेऊन वर चढतो. या घटनेचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात, म्हणजे टक्करीत, संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत लागू होतो. परंतु ही टक्कर पूर्णतः अस्थितिस्थापक असल्याने गतिज ऊर्जा कायम राहत नाही. दुसऱ्या टप्प्यात, ठोकळा वर चढताना, हवेचा रोध नगण्य मानल्यास यांत्रिक ऊर्जा कायम राहते.

उदाहरण

१० ग्रॅम वस्तुमानाची गोळी १.९९ किलोग्रॅमच्या ठोकळ्यात रुतली व ठोकळा ०.२० मीटर वर चढला, असे मानू. गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरल्यास:

* टक्करीनंतरचा वेग = √(२ × ९.८ × ०.२०) = १.९८ मीटर प्रति सेकंद
* गोळीचा वेग = (२.०० ÷ ०.०१०) × १.९८ = ३९६ मीटर प्रति सेकंद

सामान्य चूक

गोळीची सर्व गतिज ऊर्जा ठोकळ्याच्या स्थितिज ऊर्जेत बदलते, असे गृहीत धरल्यास गोळीचा वेग केवळ २८ मीटर प्रति सेकंद येतो. प्रत्यक्षात गोळीच्या ७८४ ज्यूल ऊर्जेपैकी टक्करीनंतर सुमारे ३.९ ज्यूल, म्हणजे अर्धा टक्काच, गतिज ऊर्जेच्या रूपात उरते. उर्वरित ऊर्जा लाकूड फाटण्यात, गोळीचा आकार बदलण्यात व उष्णतेत खर्च होते.

रोधक बल

या खर्च झालेल्या ऊर्जेवरून लाकडाचे सरासरी रोधक बल काढता येते. गोळी ठोकळ्यात ०.१२ मीटर खोल गेली असल्यास हे बल ७८० ÷ ०.१२, म्हणजे सुमारे ६,५०० न्यूटन येते. बल स्थिर मानल्यास गोळी सुमारे ०.०००६ सेकंदात ठोकळ्याच्या सापेक्ष थांबते. तेवढ्या वेळात ठोकळा एक मिलिमीटरही सरकत नाही. दोरी जवळजवळ उभीच राहिल्याने तिचा ताण गोळी व ठोकळा यांच्या आडव्या संवेगात बदल करत नाही. म्हणूनच पहिल्या टप्प्यात संवेग अक्षय्य मानता येतो.

महत्त्व

बंदुकीपासून निरनिराळ्या अंतरांवर लंबक ठेवून रॉबिन्स यांनी गोळीचा वेग वाटेत किती घटतो हे मोजले. जड गोळ्याला हवेचा रोध फारसा जाणवत नाही, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. वेगवान गोळीवर हा रोध तिच्या वजनाच्या अनेक पट असतो, असे या मोजमापांतून दिसून आले. १७४५ साली गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी या ग्रंथाचा जर्मन अनुवाद आपल्या विस्तृत टिपांसह प्रसिद्ध केला. पुढे एकोणिसाव्या शतकात विद्युत कालमापक उपकरणे आल्यावर वेगमापनासाठी लंबकाचा वापर मागे पडला.