देवीच्या चेहऱ्यावरचं उग्रपण

छत्तीसगडमधल्या दुर्ग-भिलाईच्या मांडवांत जवळच्या थनौद गावच्या मूर्तिकारांची दुर्गा बसते, तेव्हा त्रिशूल महिषासुराच्या छातीत असतो आणि चेहरा मात्र प्रसन्न. देवीचं हेच रूप मूळचं, असं आपण धरून चालतो. साडेतीनशे वर्षांची चित्रं वेगळं सांगतात. १६६०-७०च्या सुमाराच्या बसोहलीच्या पहाडी चित्रमालेत लढाई नसतानाही देवी भयंकर आहे. भद्रकालीचे डोळे कानाकडे ताणलेले, सुळे बाहेर, पायाखाली प्रेत. दागिन्यांत पाचूंच्या जागी भुंगेऱ्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवलेले, पान जरा कलतं केलं की चमकणारे. इथे भय शस्त्रात नाही, देहात आहे. पुढे ते देहातून निघून हातातल्या आयुधांत आणि मरणाऱ्या असुरात गेलं. या बदलाला मोठा हातभार छापखान्याने लावला, असं माझं मत आहे. पोथीचं पान दरबारातले मोजके लोक हातात घेऊन पाहत. १८९४ला मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची तसबीर देवघरात लागली. तिच्यासमोर रोज निरांजन ओवाळायचं, लेकरांनी हात जोडायचे. रोजच्या पूजेला अभय देणारी नजर हवी होती.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, शांत मुखाने लढणारी देवी गुलेरच्या १७८१च्या पहाडी देवीमाहात्म्य चित्रांत आधीच आहे. खरं आहे, पण ती असुराकडे पाहते. तिची शांती लढाईतली सहजता आहे. तसबिरीतली देवी भक्ताकडे पाहते, आणि अर्थ तिथेच पालटतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: जीभ काढून शिवावर उभी राहिलेली कालीही याच छापखान्यांनी घरोघर पोचवली. मात्र त्यातून उग्रतेची वाटणीच दिसते. देवीमाहात्म्यात काली अंबिकेच्या कपाळातून प्रकटते. छापील चित्रांनी त्या दोघींना कायमचं वेगळं केलं, सगळा क्रोध एकीकडे, सगळी माया दुसरीकडे. माहूरची रेणुका या वाटणीत बसत नाही. शेंदराने माखलेला तिचा भव्य मुखवटा तसबिरीतही मुखवटाच राहिला, आणि मराठी घरांनी तो तसाच पुजला.

चित्रकार तैयब मेहतांनी ही वाटणी मोडली. १९८९च्या त्यांच्या ‘काली’त निळा देह आणि लाल तोंड, एवढ्यावर सगळं भय उभं आहे. त्यांचं चित्र कुणी देवघरात लावून त्याला हळदकुंकू वाहणार नव्हतं, म्हणून हे साधलं. १९९७च्या ‘महिषासुर’मध्ये तर देवी आणि असुर असे गुंतलेत की कुठला हात कुणाचा, ते चटकन सांगता येत नाही.