शिक्का कोणाचा चालतो?

एखादा क्लब किंवा एखादी तालीम एका संघटनेच्या स्पर्धा सोडून तिच्या प्रतिस्पर्धी संघटनेच्या स्पर्धांकडे वळते, तेव्हा त्या बदलाचे कारण मैदानावर क्वचितच सापडते. खेळ तोच असतो, प्रशिक्षक तेच असतात, मुलीही त्याच असतात. बदलते ते एवढेच, की स्पर्धा संपल्यावर मुलीच्या हाती येणारा कागद पुढे कोणत्या दारात दाखवता येईल आणि ते दार तिच्यासाठी उघडेल की नाही. महाराष्ट्रातील मुलींच्या कुस्तीत गेल्या काही वर्षांत हा प्रश्न तीव्र झाला असून, त्याचे स्वरूप समजून घेण्यास अमेरिकेतील मुलींच्या फुटबॉलचा अनुभव उपयोगी पडतो, कारण तेथे हीच ओढाताण अधिक उघडपणे आणि अधिक मोठ्या प्रमाणावर झाली आहे.

अमेरिकेत १९७२ साली झालेल्या ‘टायटल नाइन’ या कायद्यान्वये सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई झाली आणि त्यामुळे महाविद्यालयांना मुलींसाठीही संघ उभारणे व क्रीडा शिष्यवृत्त्या देणे भाग पडले. आज तेथील महाविद्यालयीन स्पर्धेच्या वरच्या श्रेणीतच मुलींचे तीनशेहून अधिक फुटबॉल संघ आहेत. साहजिकच पालकांच्या दृष्टीने क्लबची खरी कसोटी ही, की त्याच्या सामन्यांना महाविद्यालयांचे प्रशिक्षक येतात की नाही. हा प्रशिक्षकवर्ग शेकडो गावांत हिंडू शकत नाही, म्हणून जेथे एकाच मैदानसंकुलात दोन-तीन दिवसांत अनेक बलाढ्य संघ पाहता येतात तेथे तो जातो. आणि तो जेथे जातो तेथेच बलाढ्य क्लब जाऊ पाहतात. २००९ साली चाळीस क्लबांनी मिळून सुरू केलेली एलिट क्लब्ज नॅशनल लीग, म्हणजेच ईसीएनएल, याच गणितावर वाढली. लीग म्हणजे ठरावीक संघांनी संपूर्ण हंगामभर परस्परांशी सामने खेळण्याची व्यवस्था. ती बाद पद्धतीच्या स्पर्धेहून वेगळी असते, कारण एका पराभवाने संघ बाहेर पडत नाही आणि दूरवरच्या प्रतिस्पर्ध्यांशी वर्षभराचा करार होतो.

२०१७ साली त्या देशाच्या फुटबॉल महासंघाने स्वतःची मुलींची डेव्हलपमेंट अकादमी सुरू केली, तेव्हा क्लबांपुढे पहिल्यांदा कठीण निवड उभी राहिली. महासंघाच्या बाजूला राष्ट्रीय संघाकडे नेणाऱ्या वाटेची प्रतिष्ठा होती, परंतु नियमही कडक होते: मुलींनी शाळेच्या संघातून खेळू नये, बाहेर काढलेल्या खेळाडूला त्याच सामन्यात पुन्हा उतरवू नये. शाळेचा संघ हा तेथील मुलीच्या मैत्रिणींचा, गावाच्या अभिमानाचा आणि किशोरवयातील आनंदाचा भाग असल्याने अनेक कुटुंबांना ही अट जाचक वाटली. ईसीएनएलने ती घातली नव्हती. काही क्लब महासंघाकडे गेले, काही गेले आणि परतले, काहींनी दोन्हींकडे वेगवेगळे संघ ठेवले. १५ एप्रिल २०२० रोजी कोरोनाकाळातील आर्थिक अडचणीचे कारण देऊन महासंघाने ही अकादमी बंद केली. त्यानंतर तिच्यातील काही क्लब ईसीएनएलमध्ये शिरले आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी थोड्याच काळात ‘गर्ल्स अकादमी’ नावाची नवी लीग उभी केली. आजची चढाओढ मुख्यतः या दोन लीगांमध्ये आहे.

या अदलाबदलीमागील एक कारण वरवर पाहता दिसत नाही. एका प्रदेशातील सर्वांत बलाढ्य क्लब लीग बदलतो, तेव्हा मागे राहिलेल्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे होतात, चांगल्या सामन्यांसाठी अधिक लांब प्रवास करावा लागतो आणि पुढील निवड चाचणीच्या वेळी गुणी मुली त्या गेलेल्या क्लबकडे जातात, कारण भरमसाट शुल्क भरणारे पालक संघापेक्षा आधी लीगचे नाव पाहतात. म्हणजे ज्या क्लबला जाण्याची इच्छा नसते, त्यालाही जावे लागते. शिवाय प्रत्येक लीग एका भागात मोजक्याच क्लबांना जागा देते, म्हणून नाकारलेल्या क्लबसमोर प्रतिस्पर्धी लीगचा दरवाजा हाच उपाय उरतो. प्रशिक्षणाच्या दर्जाविषयीची भाषा यात सर्वत्र ऐकू येते, आणि ती नेहमीच खोटी असते असे नाही. पण निर्णय बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हालचालीकडे पाहूनच होतो.

महाराष्ट्रात लीगच्या जागी संघटना आहे आणि महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या जागी सरकारी नोकरी. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा कामगिरीबद्दल सवलतीचे गुण मिळतात. या दोन्ही लाभांसाठी नुसते जिंकणे पुरत नाही, तर स्पर्धा शासनाची किंवा मान्यताप्राप्त संघटनेची असावी लागते. येथे ‘मान्यता’ किंवा ‘संलग्नता’ म्हणजे गावच्या तालमीपासून जिल्हा तालीम संघ, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ आणि शेवटी कुस्तीची जागतिक संघटना यांना जोडणारी साखळी. या साखळीतील एक कडी निखळली की खालच्या प्रत्येक कडीवरील प्रमाणपत्र संशयास्पद ठरते, आणि त्याची किंमत कडी निखळवणाऱ्याला नव्हे, तर सर्वांत खालच्या कडीवरील मुलीला मोजावी लागते.

ही साखळी २०२२ साली तुटली. महाराष्ट्र केसरी या कुस्तीच्या किताबाची स्पर्धा १९६१ पासून ज्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेशी जोडलेली होती, ती परिषद भारतीय कुस्ती महासंघाने त्या वर्षी बरखास्त केली. त्यानंतर एकीकडे जुनी परिषद न्यायालयात आणि मैदानात आपला हक्क सांगत राहिली, तर दुसरीकडे महासंघाच्या पाठिंब्याने नवी राज्य संघटना कामाला लागली. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी दोनदा झाली: पुण्याजवळील फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा जिंकली आणि काही दिवसांतच धाराशिवला त्याच राक्षेने गदा उचलली. एकाच महिन्यात एकाच किताबाच्या एका अंतिम लढतीत हरलेला मल्ल दुसऱ्या ठिकाणी विजेता ठरतो, ही घटना संघटनांच्या फुटीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मल्लाला दोष देता येणार नाही. त्याची कारकीर्द मोजक्या वर्षांची असते आणि दोन्ही दारे उघडी असताना एकाच दारात थांबणे त्याला परवडत नाही.

मुलींच्या कुस्तीत हा पेच अधिक दुखरा आहे, कारण येथे दार नुकतेच उघडले होते. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून मानाची गदा मिळवली. पुरुषांच्या गदेनंतर साठहून अधिक वर्षांनी आलेला हा क्षण होता. परंतु त्याच वर्षी कोल्हापुरातही महिला महाराष्ट्र केसरीच्या नावाने स्पर्धा झाली, आणि पहिल्याच वर्षी किताबाच्या मालकीचा वाद सुरू झाला. मातीत किंवा मॅटवर मुलींना उतरू देण्यासाठी ज्या वस्तादांनी गावकऱ्यांची आणि घरच्यांची समजूत काढली, त्यांना आता पालकांच्या एका नव्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले: मुलगी जिंकली, तर ते कोणाच्या लेखी जिंकणे असेल?

राष्ट्रीय पातळीवर याचे उत्तर वर्षभरातच अत्यंत कठोरपणे मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने महासंघाच्या नव्या कार्यकारिणीला निलंबित केले आणि कारभार हंगामी समितीकडे गेला. तरीही महासंघाने जानेवारी २०२४ च्या अखेरीस पुण्यात वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा घेतली, तर हंगामी समितीने फेब्रुवारीच्या आरंभी जयपूरला दुसरी राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पुण्यातील स्पर्धेची प्रमाणपत्रे शासकीय लाभांसाठी ग्राह्य धरली जाणार नाहीत, असे मंत्रालयाने आधीच कळवले होते. पुढे काही दिवसांतच, १३ फेब्रुवारीला, जागतिक संघटनेने भारतीय महासंघावरील स्वतःचे निलंबन उठवले. म्हणजे ज्या महासंघाला जगाने पुन्हा स्वीकारले, त्याच्या स्पर्धेचा कागद देशातील नोकरीसाठी निरुपयोगी, आणि ज्या समितीचा कागद देशात चालणार होता, तिला जागतिक दार नाही, अशी स्थिती काही काळ होती. अशा वेळी राज्य संघटना, जिल्हा संघ आणि तालमी कोणत्या बाजूने उभ्या राहिल्या, याचा निर्णय नियमाच्या पुस्तकावर नव्हे, तर पुढे कोणती बाजू टिकेल याच्या अंदाजावर झाला असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही.

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरसारख्या गावातील मुलीच्या दृष्टीने या भानगडीचे मोजमाप वेगळे आहे. कुस्तीची मोठी केंद्रे कोल्हापूर, सांगली, पुणे या पट्ट्यात असून मराठवाड्याच्या या टोकापासून ती चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत. तिची वाट बहुधा शालेय स्पर्धांतून, तालुका, जिल्हा, विभाग अशी चढत जाते, आणि शासनाने घेतलेल्या या स्पर्धांना संघटनांच्या फुटीची झळ कमी लागते. परंतु शाळा संपताच ती संघटनेच्या हाती येते. त्या वेळी अमेरिकेतील पालक जसा आधी लीगचे नाव पाहतो, तसेच तिच्या घरच्यांनीही नोंदणी अर्जाच्या शिक्क्यावरील नाव पाहिले, तर त्याला स्वार्थ म्हणता येणार नाही. एका स्पर्धेसाठी एस.टी.चा प्रवास, खुराक, सोबतीला कोणी तरी मोठे माणूस आणि बुडालेली मजुरी असा खर्च करणाऱ्या कुटुंबाला चुकीच्या मांडवात उतरणे परवडणारे नसते. अमेरिकेतील क्लब चुकला, तर पुढच्या हंगामात लीग बदलतो. येथील मुलीचे चुकलेले वर्ष वजन गटासह आणि वयोगटासह निघून जाते.

शिवाय प्रमाणपत्राची खरी तपासणी स्पर्धेच्या दिवशी होतच नाही. सतराव्या वर्षी मिळालेले पदक नोकरीच्या अर्जाबरोबर विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात पडताळणीसाठी जाते, तेव्हा ती मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची झालेली असते, आणि ज्या संघटनेने पदक दिले तिची संलग्नता त्या विशिष्ट तारखेला अस्तित्वात होती का, हे जुन्या पत्रव्यवहारातून शोधावे लागते. म्हणून काही जाणते वस्ताद आता प्रत्येक स्पर्धेच्या प्रमाणपत्राबरोबर त्या वर्षीच्या मान्यतेच्या पत्राची प्रतही मुलींना जपून ठेवायला सांगतात.