शंभर गोळ्यांमागचे बैल

टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला मराठ्यांनी घातलेल्या वेढ्याचा विषय निघाला की एडवर्ड मूर या इंग्रज लेफ्टनंटचा शेरा हटकून पुढे येतो. कॅप्टन लिटलच्या पलटणीबरोबर तो तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेत होता. मराठे गोलंदाज तोफ ठासतात, अर्धा तास गप्पा मारत हुक्का ओढतात, मग बत्ती देतात, असं त्याने 1794 साली छापलेल्या पुस्तकात लिहिलं. दुपारी जेवणवेळेला तर दोन्ही बाजूंच्या तोफा गप्प असत. आपणही तो किस्सा हसत सांगतो. मला त्यात आळसाहून मोठी गोष्ट दिसते: दारूगोळ्याची ओढ.

हिशेबच करून पाहू. वेढ्याच्या चोवीस पौंडी तोफेचा गोळा सुमारे 11 किलोचा. त्यामागे साडेतीन-चार किलो दारू. शंभर बार म्हणजे दीड टन ओझं. पाठीवर सव्वाशे किलो नेणारा बैल धरला तरी एका तोफेच्या शंभर बारांना बारा बैल लागतात. अर्ध्या तासाला एक बार काढला तरी हा साठा पाचेक दिवसांत संपतो. तोफ ओढणारे बैल वेगळे, चिखलात रुतलेलं चाक मागून माथ्याने रेटणारा हत्ती वेगळा, आणि या सगळ्यांची दाणावैरणही वेगळी.

दारू होते शोरा, कोळसा आणि गंधक मिळून. त्यात शोरा जवळपास तीन चतुर्थांश. जुन्या पांढरीची, गोठ्याची खारट माती पाण्यात भिजवायची, निवळी गाळून कढईत आटवायची, थंड झाली की तळाशी सुयांसारखे खडे धरतात. इतक्या कष्टाची दारू एका पावसात वाया जाते. आणि धारवाडला वेढा पडला तो सप्टेंबर 1790 मध्ये, हस्ताच्या तोंडावर.

पेशव्यांचा तोफखाना सोनोरीच्या पानशांकडे होता. थोरल्या माधवरावांच्या काळात ओतूरजवळ आंबेगव्हाणला आणि पुण्याला गोळे ओतण्याचे कारखाने निघाले होते. पण पुणे ते धारवाड वाट चारशे किलोमीटरची, मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा. पुण्याहून दारू येईपर्यंत मोर्चे थंड पडत. 7 फेब्रुवारी 1791 चा हल्ला फसला. इंग्रजांचा कर्नल फ्रेडरिक मार्चमध्ये छावणीतच वारला. आत टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान चिवटपणे लढत होता.

साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनेही मराठ्यांच्या या संथपणाला दोष दिला. संथपणा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण माझ्या मते दोष गोलंदाजाच्या हुक्क्यात नव्हता. कारखान्यापासून मोर्चापर्यंत पुरवठ्याची साखळी बांधणारी कायमची व्यवस्था नव्हती, दोष तिथे होता.

वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवत पटवर्धनी दप्तर चाळत बसले आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा राहिला. सांगली-मिरजेच्या वाचकांनी तो उघडावा. लढाईची वर्णनं वाचताना दारू, बैल, दाणा हे शब्द येतील तिथे थांबावं. धारवाड अखेर एप्रिल 1791 च्या पहिल्या आठवड्यात तहाने हाती आलं. तटाला खिंडार पाडून नव्हे.