सोडियमशी संसार

निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये सहज फुटणारा युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतो. बाकी जवळजवळ सगळा युरेनियम-२३८. नेहमीच्या अणुभट्टीत त्याचा थोडासाच भाग कामी येतो, बराचसा वापरलेल्या इंधनासोबत बाहेर पडतो. फास्ट ब्रीडर भट्टीचा डोळा नेमका याच्यावर आहे. तिच्या गाभ्यात प्लुटोनियम फुटतं आणि वेगवान न्यूट्रॉन सुटतात. साखळी चालू राहायला त्यातला एक पुरतो. उरलेल्यांपैकी काही युरेनियम-२३८ मध्ये शिरतात आणि काही दिवसांत त्याचंही प्लुटोनियम होतं. जळालं त्यापेक्षा जास्त इंधन हाती येतं, म्हणजे पुढच्या भट्टीच्या विरजणाची सोय होते.

ही कल्पना नवी नाही. २० डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेत आयडाहो इथे ईबीआर-१ या ब्रीडर भट्टीच्या विजेवर चार दिवे लागले होते. मग आज जगभर अशा भट्ट्या का नाहीत? एक तर युरेनियम वाटलं होतं तेवढं महागलं नाही. दुसरं कारण सोडियम.

पाणी न्यूट्रॉनचा वेग मारतं, त्यामुळे इथे ते चालत नाही. म्हणून वितळलेलं सोडियम फिरवतात. ९८ अंशांना वितळणारा, ८८३ अंशांना उकळणारा हा धातू उष्णता झटकन वाहून नेतो आणि त्याला प्रचंड दाबाखाली ठेवावं लागत नाही. पण गरम सोडियम हवेत पेटतं, पाण्याशी गाठ पडली तर भडकतं. शिवाय ते अपारदर्शक, त्यामुळे आत काय चाललंय ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जपानच्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये सोडियम गळलं आणि आग लागली. ती भट्टी पुन्हा धड चाललीच नाही. २०१६ मध्ये तिला कायमचा रामराम ठोकायचं ठरलं. फ्रान्सची सुपरफिनिक्सही बंद पडली, तिथे तांत्रिक अडचणींच्या जोडीला राजकारण होतं. रशियाची बीएन-६०० मात्र सुरुवातीच्या वर्षांतली गळती सोसून १९८० पासून वीज देते आहे.

भारताने हट्ट सोडला नाही, त्यामागे हिशेब आहे. आपल्याकडे युरेनियम बेताचं, थोरियम मुबलक. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात ब्रीडर हा मधला टप्पा. तो ओलांडल्याशिवाय थोरियमपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचता येत नाही. तमिळनाडूत कल्पक्कम इथली छोटी चाचणी भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली आणि दोनच वर्षांत इंधन हलवताना झालेल्या अपघाताने दीर्घकाळ थांबली. तो धडा महाग पडला, पण कामी आला.

तिथेच ५०० मेगावॅटच्या मोठ्या भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि त्याच डिसेंबरात त्सुनामीचं पाणी पायाच्या खड्ड्यात शिरलं. २००६ मध्ये अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालू असताना अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर ब्रीडर आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवण्यावर अडून बसले, आणि ते मान्य झालं. या भट्टीचं इंधन महाराष्ट्रात, तारापूरला बनतं. २०१० मध्ये पूर्ण व्हायची ही भट्टी. गाभा भरायला प्रारंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये, पंतप्रधानांच्या उपस्थितीत.

उशिराबद्दल टीका रास्तच आहे. पण भट्टी चालली तरी काम संपत नाही. तयार झालेलं प्लुटोनियम वापरलेल्या इंधनातून वेगळं काढावं लागतं, त्याचं पुन्हा इंधन बनवावं लागतं. त्यासाठी कल्पक्कमलाच स्वतंत्र कारखाना उभारला जातो आहे.